अस्सल मेक्सिकन नावाचा घोळ

मेक्सिकन जेवण म्हणजे काय, याविषयी दोन ठाम समज रूढ आहेत आणि ते एकमेकांचे हाडवैरी आहेत. पहिला मेन्यूकार्डावरचा: कडक कवचाचा टाको, पिवळ्या चीजखाली बुडालेले नाचोज, राजमा आणि सिमला मिरची घातलेला ‘मेक्सिकन राइस’. दुसरा जाणकारांचा, निदान स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्यांचा: हे सगळे अमेरिकेने केलेले सोंग आहे, खऱ्या मेक्सिकन ताटात गहू नसतो, पिवळे चीज नसते, खिमा नसतो, असतात ते फक्त मका, घेवडा, मिरची आणि आजीच्या हाताची चव. पहिला समज निव्वळ अज्ञानातून आलेला असल्याने माहिती मिळताच गळून पडतो. दुसरा अर्धवट माहितीवर पोसलेला आहे, त्यामुळे तो चिवट आहे आणि त्याला प्रतिष्ठाही आहे. प्रतिवाद खरा त्याचाच करायला हवा.

पहिल्या समजाची वासलात थोडक्यात लागते. खिमा, पिवळे चीज, जिऱ्याचा सढळ वापर आणि आधीच तळून ठेवलेली कवचे ही टेक्सास आणि कॅलिफोर्नियातल्या स्वयंपाकाची लक्षणे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी चुली मांडून मिरचीच्या रश्शात शिजवलेले मांस विकत. ‘चिली कॉन कार्ने’ म्हणून जगभर गेले ते हेच. १८९० च्या दशकात टेक्सासमध्येच विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने वाळलेल्या मिरच्या इतर मसाल्यांबरोबर दळून तयार पूड बाजारात आणली आणि ती चव घरोघर पोचवली. १९६२ मध्ये ग्लेन बेल यांनी कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे ‘टाको बेल’ सुरू केले. त्या कंपनीने मेक्सिकोत दोनदा बस्तान बसवायचा प्रयत्न केला, १९९२ मध्ये मेक्सिको सिटीत आणि २००७ मध्ये मॉन्तेरेत. दोन्ही वेळा गाशा गुंडाळावा लागला. मॉन्तेरेत तर गिऱ्हाइकांचा गोंधळ होऊ नये म्हणून कडक टाकोला ‘ताकोस्तादा’ असे वेगळे नाव द्यावे लागले होते. भारतात हीच कंपनी २०१० मध्ये बेंगळुरूत आली. पुण्या-मुंबईच्या लग्नांत आणि हॉटेलांत ‘मेक्सिकन’ म्हणून जे मिळते तेही मेक्सिकोहून आलेले नाही. त्यातले बहुतेक टेक्सास-कॅलिफोर्नियाची वाट धरून आलेले आहे.

इथवर जाणकारांचे बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या उडीत: मेक्सिकोचे नाही, म्हणून ते खोटे. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहानंतर कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि आजच्या ॲरिझोनाचा बहुतेक भाग अमेरिकेच्या ताब्यात गेला. तिथली मेक्सिकन कुटुंबे होती तिथेच राहिली आणि पूर्वीसारखीच रांधत राहिली, फक्त बाजारात मिळणारे जिन्नस बदलत गेले. गाईचे मांस स्वस्त झाले, कारखान्यातले चीज आले, डब्यातली चरबी आली. अशा स्वयंपाकाला नक्कल म्हणता येत नाही. तो एका प्रदेशाचा स्वयंपाक आहे, बरा असो वा वाईट.

ही फाळणी नेमकी कुणी पक्की केली, याचे एक ठळक उत्तर आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या डायना केनेडी यांनी मेक्सिकोत राज्याराज्यांतून हिंडून, बाजारातल्या बायकांकडून आणि घरच्या स्वयंपाकिणींकडून पाककृती गोळा केल्या आणि १९७२ मध्ये आपले पहिले पुस्तक काढले. शीर्षकातच त्यांनी मेक्सिकोच्या ‘पाकशैली’ असे अनेकवचन वापरले होते. त्यांचे काम मोठे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सीमेच्या उत्तरेकडच्या पदार्थांविषयी त्यांना वाटणारी नापसंती वाचकांनी अनेकवचनापेक्षा जास्त मनावर घेतली. त्यांच्या आधी, १९५९ मध्ये, मेक्सिकन कोशकार फ्रान्सिस्को सान्तामारिया यांनीही आपल्या कोशात चिली कॉन कार्नेची संभावना मेक्सिकन नाव लावून विकला जाणारा तिरस्करणीय पदार्थ अशीच केली होती. केनेडींच्या पुस्तकानंतर इंग्रजी वाचणाऱ्या जगात एक सोपी विभागणी रूढ झाली: सीमेवरच्या नदीच्या अलीकडे टेक्स-मेक्स, पलीकडे अस्सल. मेक्सिकोचा नकाशा उघडला की ही विभागणी टिकत नाही.

सुरुवात गव्हापासून करावी, कारण ‘गव्हाची टॉर्टिया म्हणजे अमेरिकन’ हे वाक्य सर्वात जास्त ऐकू येते. मेक्सिकोच्या वायव्येला सोनोरा हे कोरडे राज्य आहे. मक्याला तिथे पाण्याची ओढाताण. हिवाळ्यात ओलिताखाली येणारा गहू मात्र उत्तम. स्पॅनिश मिशनऱ्यांना प्रार्थनेतल्या प्रसादासाठी गव्हाचीच भाकर लागे. १६८७ मध्ये युसेबियो किनो हे जेझुइट पाद्री त्या मुलखात आले, आणि त्यांच्या मिशनांबरोबर गव्हाची शेती पसरली. तेव्हापासून सोनोरात गव्हाची टॉर्टिया हेच रोजचे अन्न आहे. हातावर झेलत ती इतकी मोठी आणि पातळ वाढवतात की भाजणारणीचे कोपरापर्यंतचे हात तिच्याखाली झाकले जातात. मागच्या बाजूने धरलेले बोट दिसावे, इतकी ती पारदर्शक असते. शेजारच्या चिवावा राज्यात तिच्यात वाळवलेले मांस किंवा घेवड्याचे पिठले गुंडाळून बुरितो होतो. हाही अमेरिकेचा शोध नव्हे, १८९५ मध्ये छापलेल्या मेक्सिकन शब्दकोशात तो सापडतो. सॅन फ्रान्सिस्कोत १९६० च्या दशकात त्यात भात, क्रीम आणि ग्वाकामोले कोंबून त्याचा लठ्ठ अवतार झाला, एवढे खरे.

गहू मेक्सिकन नाही असे म्हणणाऱ्या भारतीय खवय्याने तर जरा जपूनच बोलावे. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी ज्या बुटक्या गव्हावर काम केले, त्याची शेते सोनोरातल्याच याकी खोऱ्यात होती. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणे आणले, त्यातल्या एका वाणाचे नावच ‘सोनोरा ६४’ होते. हरितक्रांतीनंतरच्या भारतीय पोळीच्या गव्हात त्या वाणांचा अंश आहे.

चीजचेही तसेच. चिवावाचे वितळणारे चीज तिथल्या मेनोनाइट वसाहतींमुळे नावारूपाला आले. हे जर्मन बोली बोलणारे ख्रिस्ती शेतकरी १९२२ मध्ये कॅनडातून तिथे येऊन स्थायिक झाले. त्यांचे चीज आज मेक्सिकन स्वयंपाकघरात इतके रुळले आहे की त्याला परके म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही.

यावर जाणकारांचा दुसरा मोर्चा तयार असतो: मग स्पॅनिश येण्यापूर्वीचे तेवढे अस्सल माना. ही कसोटी शुद्ध वाटते, पण ती लावायला घेतली की ताट रिकामे होत जाते. १५२१ मध्ये अझ्टेक राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडण्यापूर्वी त्या भूमीत डुक्कर नव्हते, गाय नव्हती, कोंबडी नव्हती, कांदा-लसूण नव्हता, कोथिंबीर नव्हती, तांदूळ नव्हता, ऊसही नव्हता. चरबीत तळणे हा प्रकार जवळजवळ नव्हताच. म्हणजे चरबीत शिजवलेले डुकराचे मांस, कार्नितास, गेले, चरबीत परतलेला घेवडा गेला, तामालेतली चरबी गेली, टाकोवर भुरभुरलेला कांदा आणि कोथिंबीरही गेली. युकातानचे कोचिनिता पिबिल घ्या. जमिनीत खड्डा करून भाजण्याची पद्धत माया लोकांची, रंगासाठी लावतात तो शेंदरी आचिओते तिथलाच. पण डुक्कर स्पेनचे, त्याला चोळायचा कडू संत्र्याचा रस जुन्या जगातला आणि ज्या केळीच्या पानात ते बांधतात ती केळही समुद्रापलीकडची.

पुएब्लाच्या ‘मोले’ या दाट रश्शाची गोष्ट तर या शुद्धतावाद्यांनी वाचूच नये अशी. त्यात वाळलेल्या मिरच्यांच्या तीन-चार जाती, टोमॅटो आणि कोको हे तिथले. तीळ, बदाम, दालचिनी, लवंग, मिरी, बेदाणे हे सगळे बाहेरचे. सतराव्या शतकात सांता रोसा मठातल्या एका जोगिणीने तो प्रथम केला, ही आख्यायिका खरी मानायचे कारण नाही, पण मठाच्या स्वयंपाकघरातच जिन्नसांची ही दोन जगे एका खलबत्त्यात आली, ही तिच्यामागची जाण योग्य आहे. आणि पश्चिमेकडूनही माल येत होता. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला आणि आकापुल्को यांच्यात स्पॅनिश गलबतांची ये-जा होती. त्या वाटेने आंबा आला. आजही मेक्सिकोतल्या एका लाडक्या आंब्याला मनिलाच म्हणतात. कोलिमा राज्यात माडावर चढून माडी काढतात, तिला ‘तुबा’ म्हणतात. ही कला फिलिपिनो खलाशांनी नेली.

ज्या गोष्टी खरोखर निखळ देशी आहेत, त्यांच्याकडे मेक्सिकन जेवणाच्या चाहत्यांचे फारसे लक्ष जात नाही, हे विशेष. मक्याच्या कणसावर काणी पडली की अमेरिकन शेतकरी पीक नासले म्हणतो. मेक्सिकोत ती करडी-काळी बुरशी, ‘वित्लाकोचे’, कांद्या-मिरचीवर परतून क्वेसादियात भरतात आणि तिला चांगला भाव मिळतो. ओआहाकाच्या बाजारात लिंबू-मीठ लावून भाजलेले नाकतोडे ढिगाने विकायला असतात. राजगिरा तिथलाच. त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून खाण्याचे विधी अझ्टेक लोकांत होते, त्यामुळे मिशनऱ्यांची त्याच्यावर खप्पामर्जी झाली. आज ‘आलेग्रिया’ नावाची त्याची मधातली वडी मेक्सिको सिटीच्या रस्त्यावर मिळते, आणि महाराष्ट्रात एकादशीला खाल्ली जाणारी राजगिऱ्याची वडी तिची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. उपासाला चालणारे हे धान्य मेक्सिकोतून आले म्हणून ते महाराष्ट्रात खोटे ठरवावे, असे कुणी म्हणत नाही. मेक्सिकोच्या बाबतीत मात्र हाच न्याय बिनदिक्कत लावला जातो.

तिसरा आक्षेप जन्मदाखल्याचा: पदार्थ परक्याने काढला असेल तर तो मेक्सिकन नाही. इथे सगळ्यात जास्त गंमत होते. मेक्सिको सिटीत रात्री सर्वाधिक गर्दी जिथे असते तो ‘आल पास्तोर’चा ठेला बघावा. उभ्या सळईवर लाल मसाल्यात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे काप एकावर एक रचून भोवऱ्यासारखा आकार दिलेला असतो; बाजूला जाळ, डोक्यावर अख्खा अननस. ठेलेवाला लांब सुरीने भाजलेल्या कडेचे पातळ काप तळहाताएवढ्या टॉर्टियात उतरवतो, मग सुरीचे टोक अननसाला लावून एक फाक हवेत उडवतो आणि ती त्याच टाकोत झेलतो. ही उभी सळई ऑटोमन साम्राज्यातून आलेल्या लेबनीज लोकांची. पुएब्लात १९३० च्या दशकात त्यांच्याच पद्धतीचे मांस गव्हाच्या रोटीत गुंडाळून विकले जाऊ लागले. तिथे त्याला आजही ‘ताकोस आराबेस’ म्हणजे अरबी टाको म्हणतात. पुढच्या पिढीने मेंढीऐवजी डुक्कर घेतले, मिरची आणि आचिओतेचा मसाला लावला, रोटी काढून मक्याची टॉर्टिया आणली. जन्मदाखला तपासायचा तर मेक्सिको सिटीचा हा मानबिंदूच बाद होतो.

उलट नाचोज मात्र पास होतात. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कोआविला राज्यातल्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासिओ आनाया या मेक्सिकन माणसाने, सीमेपलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी, हाताशी होते त्या तळलेल्या टॉर्टिया, चीज आणि हालापेन्यो मिरची यांतून तो पदार्थ केला. जन्म मेक्सिकोत, कर्ता मेक्सिकन, तरीही जाणकार त्याला अमेरिकन म्हणतात. सीझर सॅलड १९२० च्या दशकात तिहुआनात सीझर कार्दिनी या इटालियन स्थलांतरिताच्या हॉटेलात जन्मले. त्याला कुणीच मेक्सिकन म्हणत नाही. कडक टाकोची कवचे तळायच्या यंत्राचे अमेरिकन पेटंट १९५० मध्ये मिळाले ते हुवेन्सिओ माल्दोनादो यांना, आणि ते ओआहाकाचे. कसोटी कुठली लावायची हे निकाल आधी ठरवून मग ठरवले जात असेल, तर तिला कसोटी म्हणण्यात अर्थ नाही.

मेक्सिकन जेवण म्हणजे जाळ तिखट, हा आणखी एक समज एवढ्यातच आटोपतो: मेक्सिकन स्वयंपाकात वाळलेली मिरची भिजवून वाटतात ती रंग, घट्टपणा आणि चवीसाठी, जाळ हवा असेल त्याने शेजारी ठेवलेली साल्सा वाढून घ्यायची.

युनेस्कोचा दाखलाही नेहमी पुढे केला जातो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या परंपरागत पाकशैलीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत झाली, हे खरे. पण त्या नोंदीत अस्सल पदार्थांची यादी नाही. उदाहरण म्हणून मिचोआकान राज्य घेतले आहे आणि गौरव केला आहे तो मका, घेवडा, मिरची एकत्र पेरण्याच्या शेतीचा, चुन्यात मका शिजवण्याचा आणि गावगाड्यातल्या सामूहिक रांधण्याचा. शिवाय त्याच मिचोआकानची देशभर ख्याती आहे ती तांब्याच्या कढईत डुकराच्याच चरबीत शिजवलेल्या कार्नितासची. म्हणजे वारशाचे प्रमाणपत्र ज्या राज्याच्या नावाने मिळाले, त्याचा लाडका पदार्थही स्पॅनिश डुकराशिवाय होत नाही.

या सगळ्यात मेक्सिकोतल्या वरच्या वर्गाची भूमिका विसरली जाते. तिथल्या साहेबी घरांना एकोणिसाव्या शतकात मक्याची लाजच वाटे. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या राजकारणी लेखकाने मानवजातीची गहू, तांदूळ आणि मका खाणाऱ्यांत विभागणी करून, प्रगती करतात ते फक्त गहू खाणारे, असा सिद्धांत मांडला होता. १९१० मध्ये स्वातंत्र्ययुद्धाची शताब्दी साजरी झाली तेव्हा सरकारी मेजवान्या फ्रेंच पद्धतीच्या होत्या. मेक्सिकन क्रांतीनंतर वारे फिरले, आणि कालपर्यंत गावंढळ ठरवलेले मोले, तामाले, पोसोले हे राष्ट्राचे पदार्थ झाले. ‘अस्सल’ ठरवण्याचे काम असे विसाव्या शतकात, राजकारणाच्या गरजेने झालेले आहे.

तरीही एक गोष्ट खरोखर जुनी आहे आणि ती पदार्थ नसून कृती आहे. वाळलेले मक्याचे दाणे पाण्यात चुना कालवून मंद आचेवर शिजवतात. किलोभर मक्याला साधारण १० ग्रॅम चुना पुरतो. चुना तोच, पानाला आणि तंबाखूला लावतात तो. दाणे पिवळे पडतात, उग्र ओलसर वास सुटतो. दोन बोटांत चोळून साल सरकू लागली की भांडे उतरवून रातभर तसेच ठेवतात. सकाळी दाणे चोळून धुतले की सालीचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि ओले दाणे तीन पायांच्या उतरत्या पाट्यावर वाटले की लवचीक उंडा तयार होतो. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी कडेला चिरते, दुमडली तर मोडते. या उंड्याची टॉर्टिया तव्यावर फुगते आणि हातरुमालासारखी दुमडते. चुन्यामुळे मक्यातले नायासिन हे जीवनसत्त्वही शरीराला मिळते. युरोपने मका नेला पण ही कृती नेली नाही, त्यामुळे उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा रोगाने पछाडले. मेक्सिकोच्या खेड्यांत तो रोग असा फोफावला नाही.

या कृतीचेही गोडवे गाताना एक हिशेब राहून जातो. पाट्यावरचे ते वाटण बायकांचे रोजचे कित्येक तास खात असे. १९२० च्या दशकात तेपोस्त्लान गावात पहिली गिरणी आली तेव्हा तिच्या पिठाची टॉर्टिया बेचव लागते अशी तक्रार पुरुषांनी केली, आणि बायकांना उसंत मिळाली तर त्या बिघडतील ही धास्तीही त्यांना होती. मानवशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी ही हकीकत नोंदवली आहे. गिरणी अखेर जिंकली. १९४९ मध्ये नुएवो लिओन राज्यात सुरू झालेल्या एका कारखान्याने तर चुन्यात शिजवून वाळवलेल्या मक्याचे, पाणी घातले की मळता येणारे तयार पीठ काढले. ‘मासेका’ नावाचे ते पीठ आज मेक्सिकोतल्या असंख्य टॉर्टियांमध्ये असते. चव सपाट, पण वेळ वाचतो. आणि पोट टॉर्टियावरच चालते: जानेवारी २००७ मध्ये टॉर्टियाचे भाव भडकले तेव्हा मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले होते. दुसरीकडे, ओआहाकातला देशी मका आणून, स्वतः चुन्यात शिजवून दळणारी हॉटेले आता अमेरिकेत आहेत. सीमेवरून अस्सलपणा ठरवणाऱ्यांनी या दोन टॉर्टियांपैकी कुठली खरी, ते सांगावे.

महाराष्ट्रातल्या हॉटेलवाल्यांनी आणि केटररांनी मेन्यूवर ‘अस्सल मेक्सिकन’ लिहिणे सोडावे. पिवळे चीज आणि कडक टाको असेल तर ‘टेक्सास पद्धतीचे’ लिहावे, त्यात कमीपणा काही नाही. बुरितो असेल तर ‘उत्तर मेक्सिकोचा’, अननस घातलेला टाको असेल तर ‘मेक्सिको सिटीचा’. राजमा-सिमला मिरचीच्या भाताला ‘मुंबईचा’ म्हणावे, कारण तो तिथलाच आहे. आणि गिऱ्हाइकाने वाढप्याला एवढेच विचारावे, की टॉर्टियाचा मका चुन्यात शिजवलेला आहे का.